दहा सुतांचं दार

चिमणीच्या घरट्यावर 'मातृछाया' अशी पाटी कोरून मागणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं आहे. दाराला तोरण बांधायचं आहे, दोन बारीक खिळे ठोकून ठेवा, असं सांगणाऱ्या वहिनीही पाहिल्या आहेत. एका डॉक्टरांनी तर घरट्याचं दार कोणत्या दिशेला हवं हे ठरवायला वास्तुशास्त्राचा माणूस माझ्या दुकानात आणला होता. तो हातात होकायंत्र घेऊन माझ्या बाकाभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि शेवटी पूर्व कोणती ते त्यानं मलाच विचारलं. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, पूर्वेचंच ठेवा. त्या घरट्यात चिमण्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात पिल्लं काढली. आमच्याकडच्या एप्रिलमध्ये पश्चिमेला तोंड करून टांगलेलं खोकं दुपारी चारपर्यंत तव्यासारखं तापतं, म्हणून पूर्वेचं दार खरंच बरं. त्या माणसाचं आयुष्यात एकदा बरोबर आलं, आणि ते का आलं हे त्याला आजही माहीत नसेल.

मी मेहकरचा सुतार. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं चाळीस वर्षं दुकान होतं. चौकटी, दारं, पलंग, देव्हारे, पाळणे, लग्नातले पाट, सगळं केलं. आज गावात कोणाला विचाराल तर यातलं एकही कोणाला आठवत नाही. 'ते चिमणीवाले मिस्त्री का?' असंच विचारतात. सागवानी दारांत उमेदीची वर्षं घालवायची आणि नाव व्हावं ते वीतभर खोक्यानं, हे ज्याच्या नशिबात असतं त्यानं तक्रार करू नये.

ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगतो. पूर्वी घर बांधायचं म्हणजे सुताराशिवाय पान हलत नसे. मग स्लॅबची घरं आली, कारखान्यातून तयार दारं आली, न्हाणीघराला प्लास्टिकचं दार आलं. मी दुकानात बसून बिनकामाच्या करवतीला धार लावायचो. अशात एका कार्यालयातले साहेब गाडीतून उतरले. कोणतं कार्यालय ते विचारू नका. ते बदली होऊन गेले आहेत आणि जिथे असतील तिथे काहीतरी वाचवतच असतील. आमच्याकडे होते तेव्हा त्यांना चिमणी वाचवायची होती.

त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं. लाल उतरतं छप्पर, वर धुराडं, दोन खोट्या खिडक्या, दारासमोर चिमणीला बसायला गोल दांडी आणि खाली पांढरं कुंपण. कुठल्यातरी थंड देशातलं ते घर होतं. बर्फ पडल्यावर फार छान दिसलं असतं. अशी दोनशे हवी होती आणि कार्यक्रमाची तारीख आधीच ठरलेली होती. मी एकच प्रश्न विचारला, दाराचं भोक केवढं ठेवू? साहेब म्हणाले, चित्रात आहे तेवढं. मोबाइलवरचं सगळं चित्रच चार बोटांचं होतं.

दाराला गोल कुलूप बसवताना फळीला भोक पाडायचा एक दातेरी कटर असतो. तो ड्रिलला लावला की दोन इंचांहून थोडं मोठं गोल भोक सर्रकन पडतं. माझ्याकडे तो होता. हत्यार घरात असताना दुसरं शोधायचं कशाला, असा मी विचार केला आणि दोनशे दारं त्याच्यानं पाडली. छपराला उरलासुरला पत्रा ठोकला. आतून-बाहेरून चकचकीत ऑइलपेंट दिला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी एक घरटं आपल्या टेबलावर पेनं ठेवायला नेलं.

कार्यक्रमात स्टेजवर चिमणीचा मोठा फोटो होता. पाहुण्यांनी त्या फोटोला हार घातला आणि पुढे उदबत्ती लावली. आपल्याकडे कोणाच्या फोटोला हार घालतात हे मंडपातल्या शाळकरी पोरांनाही माहीत होतं. मला 'पर्यावरणस्नेही कारागीर' म्हणून शाल मिळाली. मार्च महिना होता, शाल लोकरीची होती.

दीडेक महिन्यानं दुकानासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरी सुती साडी, जाड चष्मा, खांद्याला पिशवी. उंद्रीहून आल्या होत्या, चिखलीला गाडी बदलून. नाव सांगितलं, इंगळे सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि आता निवृत्त होऊन घरी होत्या. आसपासच्या खेड्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, हे मला पुढे कळलं. त्यांनी पिशवीतून कार्यक्रमात वाटलेलं माझं लाल छपराचं घर काढलं आणि बाकावर ठेवलं.

"मिस्त्री, हे दार कोणाच्या मापानं केलं तुम्ही?"

मी म्हणालो, साहेबांनी सांगितलं तसं केलं.

"सायब राहणार हायेत काय याच्यात?"

मी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. चिमणीनं चार अंडी घातली. पिल्लं झाली. चौथ्या दिवशी साळुंकी आली, दारातून आरामात आत शिरली, एकेक पिल्लू ओढून खाली टाकलं आणि वर स्वतःच्या चिंध्या-कागद भरायला लागली. सिस्टर तेव्हा चुलीपाशी होत्या. धावत आल्या तोवर चारही पिल्लं फरशीवर पडलेली होती. त्यांनी हे सांगताना आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. मी आपली सुताराची बाजू मांडली. घर मजबूत आहे, रंग पक्का आहे, दहा वर्षं हलणार नाही.

"हे घर नाही, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "चिमणी काई बारा महिने याच्यात राहत नाही. अंडे घालाले येते, पिल्लं उडाले का चालली. हे बाळंतिणीची खोली हाये. तिले खिडक्या नाही लागत, धुराडं नाही लागत. अंधार लागते, हवा लागते, अन् दुसरं कोणी आत घुसू नये असं दार लागते."

माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात दारावर मला इतकं सोपं कोणी समजावलं नव्हतं.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं धंद्याचं सांगतो. आम्ही सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि एका भागाला सूत म्हणतो. चिमणीला लागतं दहा सुतांचं दार, म्हणजे सव्वा इंच. त्यातून चिमणी अंग चोरून आत जाते आणि साळुंकीचं डोकं जाऊन खांदे अडकतात. दोन सूत वाढवा, की चिमणीचं घर साळुंकीच्या नावावर झालंच म्हणून समजा. तळ आतून वीत-पाऊण वीत चौरस पुरतो. फार मोठी खोली दिली तर बिचारी गवत भरता भरता थकते. छपराखाली हवेला बारीक फटी हव्यात, तळाला पाणी निथळायला चार भोकं हवीत, आणि पत्रा नको. हे सगळं मी त्या दिवसानंतर शिकलो. शाल त्याच्या आधी मिळाली होती.

सिस्टरांसाठी नवं घरटं करायचं कबूल केलं आणि माप घ्यायला म्हणून उंद्रीला गेलो. भिंतीचं माप कशाला घ्यायचं, हे मलाही ठाऊक नव्हतं. खरं तर मला पाहायचं होतं की एका खोक्यासाठी दोन गाड्या करून येणारी बाई राहते कशी. घर नवं होतं. स्लॅबचं, गिलाव्याचं, गुळगुळीत. एकट्याच राहायच्या. बैठकीत बुद्धाची तसबीर होती आणि ती भिंतीला अगदी चिकटून लावलेली होती. मी विचारलं, एवढी धडपड कशासाठी? त्या म्हणाल्या की जुनं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, घर होतं तेव्हा या तसबिरीमागे दरवर्षी चिमणीचा खोपा असायचा, आढ्यालाही असायचे.

"घर पाडाच्या दिवशी आढ्याले दोन खोपे होते. पिल्लं आवाज देऊन राह्यले होते. ठेकेदाराले म्हटलं, आठ दिवस थांब. तो म्हणे मशीन आज आली हाये, मंग महिनाभर भेटत नाही. मी 'हाव, पाड' म्हटलं." त्यांनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला. "आख्ख्या नोकरीत मी कोण्या बाळंतिणीले ऊठ म्हटलं नव्हतं, मिस्त्री. एक खेप तरी माह्या घरून पिल्लं सुखरूप उडाले पाह्यजे. मंग मी मोकळी."

मी टेप काढून उगाच भिंत मोजली.

पण आधी माझी दोनशे पापं निस्तरायची होती. मी फळीच्या चकत्या कापल्या, प्रत्येकीला मधोमध दहा सुतांचं भोक पाडलं, आणि जिथे जिथे घरटी वाटली होती तिथे फिरायला लागलो. जुन्या भोकावर चकती ठोकली की काम झालं, इतकं सोपं होतं. लोक मात्र सोपे नव्हते. एका घरी घरट्यात मोबाइलचा चार्जर होता आणि यजमान म्हणाले की भोक लहान केलंत तर पिन आत जाणार नाही. एका म्हातारीनं आत मिश्रीची डबी ठेवली होती. एका शाळेत दहा घरटी एका ओळीत कार्यालयात टांगलेली होती. गुरुजींनी सांगितलं की बाहेर लावली तर पक्षी घाण करतात. एका ठिकाणी गांधीलमाशा होत्या. त्या घरट्याला मात्र पुरेपूर वस्ती लाभली होती. मी साठेक चकत्या ठोकल्या आणि उरलेल्या दुकानात पडून राहिल्या. सगळी दोनशे शोधली असं मी म्हणत नाही. कंटाळलो, हे खरं आहे.

सिस्टरांच्या घरट्याला दुसऱ्या वर्षी मी बरोबर दहा सुतांचं दार पाडलं. पत्रा वगळला, लाकडाचं दुहेरी छप्पर केलं, मधे हवेला बोटभर जागा ठेवली. एक गोष्ट मात्र मी त्यांचं न ऐकता ठेवली. दारासमोरची दांडी. त्या म्हणाल्या होत्या, काढून टाका, चिमणी सरळ भोकालाच पकडते, तिला दांडी लागत नाही. पण दांडीशिवाय घरटं मला नकट्या माणसासारखं दिसायचं. शिवाय सगळ्या चित्रांत दांडी असते. मी मनात म्हटलं, बाई बाळंतपणातल्या जाणकार, सुतारकाम आपल्याला कळतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साळुंकी आली, डोकं घालून पाहिलं, खांदे अडकले, शिव्या देत निघून गेली. हे सिस्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो. पुढच्या आठवड्यात दुसरा फोन आला. कावळा दांडीवर येऊन बसला, चोच आत घातली, आणि घरटं आतून उथळ असल्यामुळे पिल्लं सहज हाताशी, म्हणजे चोचीशी आली. तीन नेली. चौथं आईबापांनी सोडून दिलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "कावळ्यासाठी खुर्ची ठेवली होती तुम्ही." आणि फोन ठेवला.

त्याच सुमारास मोताळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्यानं मला बोलावून घेतलं. त्याला अंगणात चिमण्यांची चाळ हवी होती. चोवीस खोल्या, तीन मजले, वर कळस. मी त्याला सांगितलं की दारं वेगवेगळ्या बाजूंना काढू, एका बाजूला दोनच. तो म्हणाला, मग रस्त्यावरून कशी दिसतील? सगळी दारं रस्त्याकडे झाली, एका ओळीत, वीत वीत अंतरावर. चिमण्या शेजार करून राहतात हे खरं आहे, पण नर चिमणा आपल्या दारातून जेवढी दारं दिसतात तेवढी आपलीच समजतो. एका चिमण्यानं सबंध मधला मजला ताब्यात घेतला. अख्खा उन्हाळा तो या दारातून त्या दारात उड्या मारत आणि दुसऱ्यांची पिसं उपटत राहिला. बाकीच्या जोड्यांनी शेजारच्या दुकानाच्या पाटीमागे घर केलं. चोवीस खोल्यांत मिळून एक जोडी राहिली. व्यापारी मला म्हणाला, "फुकट खोल्या देल्या तरी राहून नाही राह्यले. जातच बेइमान हाये बे यायची." मी मान डोलावली. गावात त्याचे स्वतःचे पाच बंगले कुलूपबंद होते, ते मी पाहिलेले होते.

त्या चाळीमुळे एक गोष्ट झाली. माझ्यातला सुतार जरा गप्प बसला. तिसऱ्या वर्षी सिस्टरांचं घरटं करायला घेतलं तेव्हा मी ठरवलं की या खेपेला एकही खोट राहू द्यायची नाही. दांडी नाही. दार दहा सुतांचं. दारापासून तळ चांगला सात इंच खाली, म्हणजे कावळा बाहेर लटकला तरी चोच पोचणार नाही. एका बाजूची फळी सरकती, साफसफाईसाठी. लाकूड जुन्या दाराचं सागवान. आणि त्यावर माझा सगळा जीव ओतून मी आतल्या फळ्यांवर रंधा मारला. मग काचकागद. मग आणखी बारीक काचकागद. बोट फिरवलं की रेशमावरून फिरल्यासारखं वाटावं इतकं आतलं अंग मी गुळगुळीत केलं. बाळंतिणीच्या खोलीत तिला कुसळ लागू नये, अशी माझी कल्पना. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं की चांगला सुतार जिथे कोणी पाहत नाही तिथेही रंधा मारतो. मी मारला आणि मनातल्या मनात स्वतःला दुसरी शाल घातली.

मार्चमध्ये जोडी आली. सिस्टर रोज फोन करायच्या. आज गवत आणलं, आज कोंबडीचं पीस आणलं, आज अंडं असावं, चिमणी बाहेर दिसत नाही. जोडी नवखी होती आणि आळशीही असावी, कारण बाकीच्या चिमण्या खोली गवतानं दारापर्यंत भरतात, यांनी तळाला जेमतेम गादी केली. साळुंकी आली आणि गेली. कावळा आला, बसायला जागा न मिळाल्यामुळे फडफडला आणि गेला. चार पिल्लांचे आवाज सुरू झाले. सिस्टरांनी त्या पंधरा दिवसांत कुठे बाहेरगावी जाणं टाळलं, एका भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. मांजर अंगणात आलं तर त्यांच्या चपलेचा नेम चुकत नसे.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी पिल्लं उडायला हवीत. सतराव्या दिवशी सकाळी फोन आला, आणि सिस्टरांचा आवाज मी प्रथमच घाबरलेला ऐकला.

"मिस्त्री, आईबाप दारात चारा घेऊन बसून राह्यले, आत जात नाहीत. पिल्लं आतून उड्या मारून राह्यले अन् घसरून राह्यले. आवाज येते मले. कालपासून. तुमी या."

मी बसमध्ये बसलो आणि चिखली येईपर्यंत मला सगळं कळून चुकलं. आईबाप पिल्लांना उपाशी ठेवून बाहेर बोलावत होते, तो त्यांचा रिवाजच असतो. पिल्लांनी आतल्या फळीला नखं रोवून वर चढायचं, दारात यायचं आणि उडायचं. पण नखं रोवायला फळीवर काही शिल्लकच नव्हतं. मी काचकागदानं सगळं पुसून टाकलं होतं. कावळ्याच्या भीतीनं मी विहीर खोल केली होती आणि मग तिच्या पायऱ्या घासून काढल्या होत्या. चाळीस वर्षांत ज्या कामाचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटला, त्याच कामात चार पिल्लं अडकली होती. खिडकीबाहेर बघत बसलो. शेजारचा माणूस विचारत होता, तब्येत बरी नाही का? मी हो म्हणालो.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सिस्टर घरट्याखाली उभ्या होत्या. मी कान लावला. आतून आधी फडफड, मग नखं घसरल्याचा बारीक आवाज, मग शांतता, आणि पुन्हा तेच. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणालो, बाजूची फळी सरकवतो, एकेक पिल्लू हातानं काढून झाडावर ठेवतो.

"ओढून काढाचं नाही," सिस्टर म्हणाल्या. त्या आवाजात मी अजून बाळंतपणाची खोली ऐकतो. "आपल्या पायानं येऊ द्या त्याईले. तुमी फक्त वाट करा."

त्यांनी कपाटातून पांढरी जाळीची पट्टी आणली, जखमेला बांधतात ती. पिल्लांना धरून चढायला ती आत सोडू म्हणाल्या. मी नको म्हटलं, विरळ विणीत नखं गुंततील. आमच्या दोघांच्या ओळखीत मी त्यांना सांगितलेली आणि बरोबर निघालेली गोष्ट ती एकच. सोयाबीनचं रिकामं पोतं होतं, त्याची दोन बोटं रुंद पट्टी मी कापली. घट्ट विणीचं गोणपाट, चढायला खरबरीत. टोकाला पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काटकीचा तुकडा बांधला, म्हणजे पट्टी सरळ लोंबेल. दारातून हळूच आत सोडली आणि वरचं टोक बाहेरून पक्कं करायचं होतं. हातोडी मारली असती तर पिल्लं घाबरली असती. सिस्टरांनी चिकटपट्टी फाडून दिली, आणि ती मी अंगठ्यानं दाबून बसवली.

मग आम्ही घरात जाऊन खिडकीच्या गजांआडून पाहत बसलो. चिमणा आला. पट्टी पाहून भडकला, तारेवर जाऊन कर्कश ओरडत बसला. चिमणीही दाराशी येऊन परत गेली. मला वाटलं, आता हे दोघं पट्टीच्या भीतीनं कायमचे जाणार, आणि तेही माझ्याच नावावर लागणार. सिस्टर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. मी फक्त त्या दहा सुतांच्या काळ्या गोलाकडे पाहत होतो.

त्या गोलात पिवळी चोच दिसली. मग डोकं. डोक्यावर दोन-चार मऊ केस उभे. पिल्लू दारात बसलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि जणू रोजचंच काम असावं असं उडून समोरच्या लिंबावर गेलं. त्याच्या मागून दुसरं आलं. तिसऱ्यानं फार वेळ घेतला, दोनदा मान बाहेर काढून आत गेलं, आणि शेवटी तेही गेलं. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. माझ्याही आलं. साठी उलटलेला माणूस चिमणीसाठी रडतो, हे आमच्या गल्लीत कळलं असतं तर माझं तिथे राहणं अवघड झालं असतं.

चौथं आलं नाही. तासाभरानं सिस्टर म्हणाल्या, आता पाहा. मी फळी सरकवली. ते कोपऱ्यात पडलेलं होतं, थंड. आदल्या दिवशीच दमून गेलं असावं. सिस्टरांनी ते कापसात गुंडाळलं, लिंबाखाली खड्डा केला आणि माती सारखी केली. मी म्हणालो, सिस्टर, हे माझ्या रंध्यानं मेलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. माझी समजूत घालण्यासाठी सुद्धा नाही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

घरटं खाली काढून मी अंगणात बसलो. मला विचारायचं होतं की आता झाल्या का मोकळ्या? तीन तर सुखरूप गेली. विचारायला तोंड उघडलं तेव्हा त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. कुंपणाच्या भिंतीवर एक दुसरीच चिमणी येऊन बसली होती, चोचीत वाळलेल्या गवताची लांब काडी. जिथे घरटं टांगलेलं होतं त्या रिकाम्या खिळ्याकडे ती मान वाकडी करून पाहत होती. सिस्टरांनी माझी पिशवी उचलून माझ्यापुढे ठेवली. मी पटाशी काढली, फळी मांडीवर आडवी घेतली, आणि ज्या अंगावर महिनाभर काचकागद घासला होता त्यावर ओरखडे काढायला लागलो. जुनी सवय, हात जपून चालत होता, रेषा सरळ याव्यात म्हणून.

"रांगोळी नका काढू, मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या. "हात चालवा. बाई बाहेर उभी हाये."